जुन्या ट्रॅक्टरचे बदललेले आवाज : इंजिनापासून पीटीओपर्यंत निदानाची पद्धत

द्राक्ष किंवा डाळिंबाच्या बागेत शिफारशीत कीटकनाशक योग्य मात्रेत आणि योग्य वेळी फवारूनही फुलकिडे वा पिठ्या ढेकूण आटोक्यात येत नाहीत, तेव्हा बागायतदाराचा पहिला संशय औषधाच्या दर्जावर जातो आणि दुसरा किडीत निर्माण झालेल्या प्रतिकारशक्तीवर. ज्या यंत्राने फवारणी झाली त्याच्यावर संशय घेण्याची वेळ सहसा येतच नाही. वास्तविक ट्रॅक्टरचलित ब्लोअरची सारी भिस्त पीटीओच्या फेऱ्यांवर असते. मिनिटाला ५४० फेऱ्या गृहीत धरून जोडलेला ब्लोअर जुन्या, दबणाऱ्या इंजिनावर ४६० फेऱ्यांनी चालला, तर पंख्याने फेकलेली हवा सुमारे १५ टक्क्यांनी घटते. गंमत अशी की, इंजिन दबले की ट्रॅक्टरचा पुढे जाण्याचा वेगही त्याच प्रमाणात कमी होतो. त्यामुळे एकरी पाणी कमी पडलेले दिसत नाही आणि टाकीचा हिशेब जुळतो. घटते ते वाऱ्याचे बळ. दाट पानोऱ्यात शिरून पान उलटवण्याची ताकद त्यात उरत नाही आणि पानाच्या खालच्या बाजूची कीड सुरक्षित राहते. पुढची फवारणी मात्रा वाढवून होते. मूळ दोष एखाद्या गळक्या नोझलमध्ये किंवा तुंबलेल्या एअर क्लीनरमध्ये असतो, आणि त्याने आठवडाभर आधीच आवाज बदलून सूचना दिलेली असते.

आवाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. मिरचीचा चुरडा-मुरडा पाहून विस्तार कार्यकर्ता लगेच औषध सांगत नाही. पाने वरच्या बाजूला वळली असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर पिवळा कोळी, असा भेद तो आधी करतो, कारण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र ‘इंजिन वाजतंय’ एवढ्या एका वाक्यावर इंजिन खोलण्याचा निर्णय अनेकदा होतो. खोललेले इंजिन ऐन हंगामात आठवडाभर पडून राहते, खर्च होतो आणि कधी कधी पुन्हा जोडल्यावर तोच आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. पुढील विवेचन प्रामुख्याने जुन्या, यांत्रिक इंधन पंपाच्या तीन वा चार सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरांना उद्देशून आहे. त्यातील बहुतेक भाग त्याच पिढीतील जीप आणि पिकअप गाड्यांनाही लागू पडतो.

आवाज कशाबरोबर बदलतो?

आवाज कसा आहे हे सांगताना प्रत्येक जण वेगळा शब्द वापरतो. एकाची टकटक ती दुसऱ्याची खटखट असते. म्हणून शब्दापेक्षा संबंध पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. ट्रॅक्टर उभा असताना, न्यूट्रलमध्ये, रेस कमी-जास्त केल्यावर आवाजाची गती बदलते काय? बदलत असेल तर दोष इंजिनात, क्लचमध्ये, हायड्रॉलिक पंपात किंवा गिअरबॉक्सच्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. रेस तीच ठेवून गिअर बदलल्यावर, म्हणजे चाकांचा वेग बदलल्यावर आवाजाची गती बदलते काय? मग तो गिअरबॉक्सच्या पुढे, डिफरन्शियल किंवा चाकांकडे शोधावा. केवळ ओझ्याखाली येतो की मोकळा चालतानाही येतो, सकाळच्या थंड इंजिनात अधिक की तास-दोन तासांनी, हेही नोंदवावे. ही उत्तरे मिळेपर्यंत हातात पाना घेऊ नये.

त्याआधी एक साधी फेरी मारणे हिताचे असते. सैल झालेला बॉनेटचा पत्रा, सायलेन्सरचा तुटलेला क्लॅम्प, टूलबॉक्समध्ये लोळणारा पाना, बॅटरीची ढिली पट्टी आणि इंजिन मांडणीचे सुटत आलेले बोल्ट यांनी मोठमोठ्या दोषांची नक्कल केल्याची उदाहरणे कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल. हाताने दाबून धरल्यावर जो आवाज थांबतो त्यासाठी इंजिन खोलावे लागत नाही. इंजिन ऑइलची पातळी व जातही याच वेळी पाहावी.

काही आवाज निर्दोष असतात, हेही ठाऊक असावे. थंड डिझेल इंजिन सुरू झाल्यावर पहिली मिनिटे कर्कश ठोकते. सिलिंडर थंड असल्याने फवारलेले डिझेल पेट घ्यायला किंचित अधिक वेळ लागतो, तेवढ्यात जास्त डिझेल साचते आणि ते एकदम पेटते. इंजिन तापले की हा ठोका सौम्य होतो. जुन्या ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्समध्ये सरळ दात्यांचे गिअर असतात. त्यांचा एकसुरी घूं-घूं हा त्या दात्यांचा स्वभाव आहे.

लय : पूर्ण गती आणि अर्धी गती

चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरते. मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या मंद गतीवर क्रँकशाफ्ट सेकंदाला साडेबारा फेऱ्या करते; एक व्हॉल्व मात्र सेकंदाला साधारण सहाच वेळा उघडतो. एका सिलिंडरमधील ज्वलनही दोन फेऱ्यांत एकदाच होते. म्हणून व्हॉल्व, टॅपेट, कॅम आणि ज्वलन यांच्याशी निगडित एका सिलिंडरचे आवाज अर्ध्या गतीच्या लयीत येतात. क्रँक आणि तिच्या बेअरिंगांचे ठोके साधारणपणे त्याहून दाट असतात.

नुसत्या कानाने सेकंदाला सहा आणि बारा ठोके मोजणे कठीण आहे. मोबाइलवर मुद्रित केलेला आवाज पाव गतीने ऐकला की मोजणी सहज जमते. ही सोय आता बहुतेक फोनमध्ये असते. कीटकशास्त्रात ही पद्धत जुनीच आहे. दिसायला अगदी सारख्या असणाऱ्या रातकिड्यांच्या कित्येक जाती त्यांच्या गाण्याच्या लयीवरून वेगळ्या ओळखल्या जातात.

आवाजाची जागा शोधण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या भागावर आणि मूठ कानामागील हाडाला टेकवावी. डॉक्टरांच्या नळीसारखी मेकॅनिकची नळीही बाजारात मिळते. नारळाच्या खोडात सोंड्या भुंग्याच्या अळ्या कुरतडत असतात, तो आवाजही खोडाला असेच उपकरण लावून शोधला जातो. मात्र खोड फिरत नाही, पंखा फिरतो. उपरणे, ओढणी, सैल बाही आणि हातातील कडे पट्ट्यापासून दूर राहील याची खात्री करूनच ऐकायला वाकावे.

वरच्या भागातील किणकिण

टॅपेटचा आवाज हलका, धातूचा, शिवणयंत्रासारखा असतो व तो व्हॉल्व कव्हरवर स्पष्ट ऐकू येतो. रॉकर आणि व्हॉल्व यांच्यातील फट वाढल्याने तो येतो. ही फट बहुधा ०.२ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवलेली असते. नेमका आकडा आणि ती थंड इंजिनात मोजायची की तापलेल्या, हे त्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. फिलर गेजने फट नीट करणे हे तासाभराचे काम आहे. एक गोष्ट विसरू नये : वाजणारे टॅपेट त्रासदायक असले तरी फारसे घातक नसते, ‘आवाज नको’ म्हणून अती घट्ट केलेले टॅपेट मात्र व्हॉल्व पूर्ण बंद होऊ देत नाही आणि तो जळतो. शांत इंजिन म्हणजे निरोगी इंजिन, हा समज येथे महागात पडतो.

टॅपेटची हुबेहूब नक्कल एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे फाटलेले पॅकिंग करते. त्या टकटकीत बारीक ‘फस्’ मिसळलेला असतो, जोडाभोवती काळी काजळी दिसते आणि इंजिन तापून धातू प्रसरण पावला की आवाज कमी होतो. टॅपेट नीट करूनही आवाज गेला नाही, तर ही काजळी शोधावी.

पुढच्या बाजूची शिट्टी किंवा गुरगुर पंख्याच्या पट्ट्याची, अल्टरनेटरची वा वॉटर पंपाची असते. पट्टा उतरवून इंजिन अर्धा मिनिट चालवावे. आवाज गेला तर दोष या तिघांतच. मग प्रत्येक पुली हाताने फिरवून खरखर पाहावी. वॉटर पंपाच्या खालच्या छिद्रातून पाणी झिरपत असेल तर अधिक शोध घेण्याचे कारण नाही.

ठोके : येथे घाई करू नये

खरा पेच पुढे येतो. नोझलचा ठोका, पिस्टनचा ठोका आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या बेअरिंगचा ठोका हे तिन्ही दुरून सारखेच भासतात. त्यांच्या दुरुस्तीच्या खर्चात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

नोझलचा ठोका तीक्ष्ण, कडक असतो. नोझल थेंब-थेंब गळत असेल, अडकत असेल किंवा पंपाचे टायमिंग पुढे सरकले असेल, तर डिझेल अवेळी किंवा एकगठ्ठा पेटते. सोबत सायलेन्सरमधून काळा वा पांढरा धूर येतो आणि मंद गतीत इंजिन लंगडते. पिस्टनचा ठोका पोकळ, मातीच्या घागरीवर बोट मारल्यासारखा असतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा तापल्यावर सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. त्यामुळे थंड असताना झिजलेल्या लायनरमध्ये तो डोलतो आणि तापल्यावर फट भरून आवाज मावळतो. रॉड बेअरिंगचे नेमके उलट आहे. सकाळी घट्ट असलेले ऑइल बेअरिंगमधील फट भरून काढते. इंजिन तापून ऑइल पातळ झाले की जड, घणासारखी खटखट सुरू होते. रेस वाढवून एकदम सोडताना, म्हणजे रॉडवरील दाब उलटण्याच्या क्षणी, ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

थंड-गरम हा भेद विनामूल्य आहे आणि पुष्कळ प्रकरणे तेथेच निकाली निघतात. उरलेल्यांसाठी सिलिंडर बंद करून पाहण्याची परीक्षा आहे. यांत्रिक पंपाच्या इंजिनात मंद गतीवर एका नोझलच्या इंधन नळीचा नट अर्धा ते एक आटा सैल केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही आणि तो पेटणे थांबते. इंजिनाच्या फेऱ्या कमी व्हायला हव्यात. नाही झाल्या, तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. हीदेखील मोठी माहिती आहे. फेऱ्या कमी झाल्या आणि ठोकाही नाहीसा झाला, तर आवाजाचा सिलिंडर सापडला. नट पुन्हा घट्ट करून पुढच्याकडे जावे.

या परीक्षेचे दोन धोके स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. दाबाखालील डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत शिरू शकते. ती जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि आतून हात गमावण्याइतकी गंभीर असते. म्हणून नटावर जाड कापड धरावे, चष्मा घालावा, बोट कधीही धारेसमोर नेऊ नये आणि सांडलेले डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नये. दुसरे म्हणजे नव्या कॉमन रेल इंजिनांवर ही परीक्षा कोणत्याही परिस्थितीत करू नये. तेथे नळीतील दाब १,००० बारच्या वर असू शकतो. त्यांचे निदान कार्यशाळेतील संगणकीय यंत्रानेच व्हावे.

सिलिंडर सापडला तरी ‘कोणता भाग’ हे कळलेले नसते, कारण ज्वलन थांबले की नोझल, पिस्टन आणि रॉड बेअरिंग या तिघांचाही ठोका कमी होतो. येथे शेतावरील प्रयोगाचीच युक्ती उपयोगी पडते. संशयित सिलिंडरचा नोझल काढून तो शेजारच्या निर्दोष सिलिंडरमध्ये बसवावा आणि तेथला इकडे आणावा; तांब्याचे वॉशर नवे घालावेत आणि बैठक स्वच्छ करावी. आता ठोका नोझलबरोबर शेजारी गेला, तर दोष नोझलचा. त्याची तपासणी व दुरुस्ती डिझेल पंपाच्या दुकानात होते आणि इंजिनाला हात लावावा लागत नाही. ठोका मूळ सिलिंडरमध्येच राहिला, तरच पिस्टन आणि बेअरिंगचा विचार सुरू करावा. अनेक मिस्त्री ही अदलाबदल टाळतात, कारण तिच्यात अर्धा दिवस जातो. ट्रॅक्टरमालकाने ती आग्रहाने करून घ्यावी. इंजिन उगाच खोलण्यापेक्षा अर्धा दिवस केव्हाही स्वस्त.

मेन बेअरिंगचा आवाज सर्वांत खोल, जमिनीतून आल्यासारखा धप्प असतो. तो ओझ्याखाली वाढतो. एखादा सिलिंडर बंद करून त्यात फारसा फरक पडत नाही आणि ऑइल दाबाचा काटा बहुधा खाली आलेला असतो. गजन पिनची दुहेरी टकटक मंद गतीत ऐकू येते. ती तुलनेने विरळ आढळते.

जड खटखट आणि ऑइल दाबाचा पेटलेला दिवा हे दोन्ही एकत्र दिसताच इंजिन त्याच जागी बंद करावे. ‘घरापर्यंत नेऊ’ हा विचारही करू नये. बेअरिंगचे कवच फिरले की क्रँक खरवडते. रॉडचे बोल्ट तुटले तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. केवळ बेअरिंगच्या जोडीवर भागणारे काम क्रँक आणि ब्लॉकपर्यंत पोहोचायला काही मिनिटे पुरतात.

ऑइलही बरेच सांगते. गाळ बोटांत घेऊन उन्हात पाहावा : तांबूस किंवा चंदेरी पापुद्रे बेअरिंगचे असतात, दुधाळ रंग म्हणजे पाणी मिसळले. ऑइलची पातळी न भरता वाढत असेल, तर ‘आपला ट्रॅक्टर ऑइल खात नाही’ असे समाधान मानू नये. गळका नोझल किंवा फाटलेला फीड पंपाचा पडदा यांतून डिझेल ऑइलमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी असते. असे ऑइल पातळ होते, त्याला डिझेलचा वास येतो आणि बेअरिंगचा जीव घेते.

जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्यांसाठी येथे एक सूचना करणे योग्य होईल. जास्त घट्ट ऑइल घालून बेअरिंगचा ठोका काही काळ दाबता येतो, आणि आधीच तापवून ठेवलेले इंजिन पिस्टनचा ठोका लपवते. म्हणून सौदा करताना प्रथम बॉनेटखाली हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी. ते आपल्यासमोर सुरू करायला सांगावे, आणि अर्धा तास ओझ्याखाली चालवून पुन्हा ऐकावे.

क्लच आणि गिअरबॉक्स : पायाने करावयाचे निदान

गिअरबॉक्सच्या निदानात सर्वांत उपयोगी साधन क्लचचे पेडल आहे. ट्रॅक्टर उभा, गिअर न्यूट्रल, इंजिन मंद. पेडल सोडलेले असताना घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या किंवा सतत फिरणाऱ्या काउंटर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये. कारण पेडल दाबल्यावर हे भाग फिरणे थांबते. उलट पेडल सोडलेले असताना शांतता आणि पाय ठेवताच करकर, तर दोष क्लच रिलीज बेअरिंगचा. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकल्यावरच आवाज येत असेल, तर फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग पाहावे, कारण त्याच स्थितीत फ्लायव्हील फिरते आणि शाफ्ट थांबलेला असतो.

दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबल्यावर चाकांकडील शक्ती तुटते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओची. तेथे आवाज कोणत्या टप्प्यावर बदलला हे वेगवेगळे नोंदवावे. त्यावरून दोष चाकांच्या मार्गावर आहे की पीटीओच्या, हे खोलण्याआधीच समजते. रिलीज बेअरिंग बदलण्यासाठी ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. त्यामुळे त्याच खेपेस क्लच प्लेट, पायलट बेअरिंग आणि मागील ऑइल सील तपासून घेणे शहाणपणाचे. पेडलवर पाय ठेवून चालवण्याची सवय या बेअरिंगची खरी शत्रू आहे.

आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरची जोडी, सर्व गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्येही येत असेल तर बेअरिंग. चाकाच्या वेगाबरोबर ठरावीक अंतराने ‘टक... टक...’ येत असेल तर दाता तुटलेला असण्याचा संभव असतो; असा ट्रॅक्टर चालवत राहू नये, कारण सुटलेला तुकडा दुसऱ्या दात्यांत जातो. केवळ वळताना येणारा आवाज डिफरन्शियलच्या आतील छोट्या गिअरचा. ओढताना एक सूर आणि रेस सोडल्यावर दुसरा, असे होत असेल तर क्राउन-पिनियनची बैठक बिघडली आहे. जीपसारख्या गाडीत निघताना वा रिव्हर्स घेताना बसणारा ‘खट्’ हा प्रथम प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये शोधावा. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू देऊन ऐकण्याची परीक्षा फक्त सपाट, मोकळ्या जागेत, इंजिन चालू ठेवून करावी; उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

बहुतेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे ऑइल एकच असते. लिफ्ट वर घेतानाच किंकाळीसारखा आवाज वाढत असेल, तर ऑइलची पातळी आणि हायड्रॉलिकचा फिल्टर पाहावा. पंपाला पुरेसे ऑइल मिळाले नाही की त्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि पंप आतून खाल्ला जातो. फिल्टर स्वच्छ करण्याआधी गिअरबॉक्स उघडणाऱ्याची घाई अनाकलनीय म्हणावी लागेल. ड्रेन बोल्टला चुंबक असल्यास त्यावरील राखाडी, मऊ लेप नेहमीचा. टोकदार कण किंवा चपटे तुकडे नव्हेत.

पीटीओ शाफ्ट आणि ब्लोअर

ब्लोअर जोडल्यावरच येणारी थरथर ट्रॅक्टरची नसून मधल्या शाफ्टची असू शकते. कोनात वाकलेल्या एका क्रॉसजोडातून फिरणे पुढे जाते, तेव्हा पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. दुसऱ्या टोकाचा जोड हा चढ-उतार पुसून टाकतो. पण दोन्ही आतील योक एकाच पातळीत बसवलेले असतील तरच. ग्रीस भरण्यासाठी शाफ्ट ओढून काढला आणि पुन्हा घालताना एक घर चुकले की, क्रॉस नवे असूनही खडखडाट सुरू होतो, ब्लोअरच्या गिअरबॉक्सचे बेअरिंग झिजते आणि पंखा एकसारखा फिरत नाही. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही नळ्यांवर रंगाची एक रेघ मारून ठेवली की ही चूक होत नाही. बागेच्या टोकाला आखूड वळण घेताना होणारी खडखड मोठ्या कोनामुळे असते. तेथे पीटीओ बंद करूनच वळावे. शाफ्टवरील प्लास्टिकचे आवरण तपासणीसाठी काढले असल्यास ते परत बसवल्याशिवाय पीटीओ सुरू करू नये.

इंजिन दबते की नाही हे ऐकायचे असेल, तर टाकी भरलेली, पंखा चालू आणि सर्व नोझल उघडे अशा स्थितीत पीटीओच्या ५४० फेऱ्यांसाठी मीटरवर दिलेल्या खुणेवर रेस लावावी आणि काटा पाहावा. काटा घसरतो, आवाज खाली बसतो आणि काळा धूर येतो, तर प्रथम एअर क्लीनर, नंतर डिझेल फिल्टर, आणि त्यानंतर नोझल. धूर नसतानाही इंजिन दबत असेल, तर डिझेलच कमी पोहोचत आहे.

ऐकणारा कान

रोज त्याच ट्रॅक्टरवर बसणाऱ्या चालकाला आवाजातील बदल सर्वांत शेवटी कळतो. बदल सावकाश होतो आणि कान सरावतो, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. भारतात कारखान्यांसाठी आठ तासांची आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, ओझ्याखाली, चालकाच्या कानाजवळील आवाज त्याच्या आसपास किंवा वर जातो. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात, तेव्हा चालकाच्या कानाजवळचा आवाजही मोजला जातो, तो यासाठीच. अशा आवाजाने ऐकू येणे प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच सुरांत कमी होते. बेअरिंगची सुरुवातीची बारीक चिरचिर बऱ्याचदा याच पट्ट्यात असते. वीस वर्षे ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला ती ऐकू न येणे ही त्याची बेफिकिरी नव्हे. घरातील तरुण मुला-मुलीला महिन्यातून एकदा इंजिनाजवळ उभे करून ऐकायला सांगावे, आणि चालकाने कानात प्लग घालावेत.

मोबाइलवरील मुद्रण याच कामी अधिक नेमके ठरते. अट एवढीच की तुलना समान परिस्थितीत व्हावी. तोच फोन, इंजिनाच्या उजव्या बाजूला तेवढ्याच अंतरावर, दहा मिनिटे चालून तापलेले इंजिन, आणि त्याच फेऱ्या. फोन आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करतो आणि खोल सूर नीट पकडत नाही. त्यामुळे मेन बेअरिंगच्या धप्पसाठी त्यावर विसंबू नये. टॅपेट, पट्टा आणि बेअरिंगच्या चिरचिरीसाठी तो पुरतो. मुद्रणाच्या नावात तारीख आणि तासमीटरचा आकडा टाकावा. विस्तार कार्यकर्त्यांनी गटातील दोन-तीन ट्रॅक्टरांचे असे निरोगी नमुने जपून ठेवले, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा आवाज ताडून पाहण्यास ते उपयोगी पडतात.

उभ्या यंत्रातील पाहुणे

छाटणीपूर्वीच्या काळात महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरमध्ये आणखी एक कारण दडलेले असते. उंदरांनी एअर क्लीनरच्या नळीत केलेले घरटे आणि कुरतडलेल्या वायरी बहुतेकांना माहीत असतात. कुंभारीण माशी मात्र लक्षात येत नाही. गांधीलमाशीची ही दूरची नातलग ओली माती आणून अडोशाच्या फटींत आणि नळ्यांत घर बांधते, त्यात बधिर केलेले कोळी भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. ब्रीदरची नळी अशी बुजली की इंजिनातील दाब बाहेर पडत नाही आणि ऑइल सीलमधून गळू लागते. डिझेल टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले तर लक्षण अधिक फसवे असते. ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालतो, मग टाकीत निर्वात होऊन डिझेल येणे कमी होते, इंजिनाचा आवाज वर-खाली होत दबतो आणि ते बंद पडते. थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. पंप आणि फिल्टर यांकडे वळण्याआधी, इंजिन दबू लागताच टाकीचे झाकण सैल करून पाहावे. ‘सूं’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरले, तर झाकणाचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे.